डीएनएस की बीएस्सी नॉटिकल? शिस्तीच्या अंगाने पाहू

बारावीनंतर मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर (जहाज चालवणारा अधिकारी) व्हायचं तर दोन ठळक वाटा आहेत: वर्षभराचा डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स. फी आणि प्लेसमेंटची चर्चा सगळेच करतात. शिस्त मुलाचं ध्येय कसं बदलते, हे कुणी विचारत नाही.

दोन्हीकडे वसतिगृह सक्तीचं. पहाटे पीटी, मग फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. बुटांना पॉलिश, शर्टाला कडक इस्त्री, गालावर खुंट दिसला की शिक्षा ठरलेली. डीएनएसमध्ये हे अंगवळणी पडेपर्यंत मुलगा जहाजावर गेलेला असतो. सेकंड मेटच्या (डेक ऑफिसरच्या पहिल्या परवान्याच्या) परीक्षेआधी त्याला १८ महिने सी-टाइम (जहाजावरची प्रशिक्षण सेवा) लागतो, म्हणजे खरी शिस्त त्याला बोसन (खलाशांचा मुकादम) आणि चीफ ऑफिसरच लावतात. साहजिकच लक्ष्यही सरळ राहतं: तिकीट (अधिकारीपदाचा परवाना) काढायचं, वरच्या पदावर चढायचं.

बीएस्सीला सी-टाइम १२ महिने, पण कॅम्पसची तीन वर्षं. इथे मुलगा हुकूम पाळतो तसे पुढे ज्युनियरना देतोही. (शिस्तीच्या नावाखाली रॅगिंग चालत असेल तर ती शिस्त नव्हेच.) त्यात कुणाला कमांडची, म्हणजे कॅप्टनपदाची, ओढ लागते, तर कुणाला कळतं की हे आपलं काम नाही, तो शिपिंग ऑफिस, बंदराकडे वळतो. पदवी तिथे उपयोगी पडते.

मुलाचं मन पक्कं असेल तर डीएनएस, डळमळीत असेल तर बीएस्सी, असं माझं मत. फी भरण्याआधी डोळे मात्र तपासून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर दोन्ही वाटा बंद.