मॅलासेझियाची प्रजाती ओळखायची: चाचण्यांनी की डीएनएने?

मॅलासेझिया म्हणजे त्वचेवर राहणारं यीस्ट, एकपेशीय बुरशी; शिबं तिच्यामुळेच येतात. शिबं आलेल्या रुग्णाला औषध द्यायचं एवढंच काम असेल, तर केओएच स्लाइड (त्वचेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) पुरते. प्रजातीचं नाव कळून उपचार सहसा बदलत नाही. पण प्रबंधाचा विषयच 'कोणती प्रजाती किती प्रमाणात' असा घेतला असेल, तर पद्धत आधी ठरवावी लागते.

1996 मध्ये या वंशात चार नव्या प्रजातींची भर पडून एकूण सात झाल्या, तेव्हा सातही चाचण्यांनी वेगळ्या करता येत होत्या. बुरशी वाढवायच्या साध्या साबुरो अगारवर वाढली तर पॅकिडर्मॅटिस. बाकी सगळ्यांना स्निग्ध पदार्थ घातलेलं माध्यम लागतं, म्हणून डिक्सन अगार. कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर बुडबुडे येतात का, ही चाचणी) निगेटिव्ह आली तर रिस्ट्रिक्टा. मग ट्वीन 20, 40, 60, 80 (स्निग्ध आम्लं असलेली रसायनं) भरलेल्या अगारमधल्या खाचांभोवतीची वाढ पाहायची: फरफर चारहींभोवती वाढते, स्लूफिया 80 सोडून, ग्लोबोसा एकाहीभोवती नाही. ऑब्टुसाही ट्वीन वापरत नाही, पण ती एस्क्युलिन (वनस्पतीतला एक पदार्थ) घातलेलं माध्यम काळं करते. तेच सिंपोडियालिस करते, ती मात्र 40 अंशांनाही वाढते. साहित्य स्वस्त, यंत्र लागत नाही, आणि यीस्टशी हाताची ओळख होते. ही ओळख मला फार मोलाची वाटते.

अडचण वाचनात आहे. सिंपोडियालिस ट्वीन 20 च्या खाचेला चिकटून न वाढता थोड्या अंतरावर कडं धरते. घाईत ते निसटतं. डिक्सनवरची चरबी इनॉक्युलमसोबत (पेरायच्या पेशींसोबत) आली, तर निकालच फसवा. म्हणून पेशी नीट धुऊन घ्या आणि प्रत्येक खेपेला ओळखीचे स्ट्रेन सोबत लावा.

आयटीएस सिक्वेन्सिंग (प्रजातीनुसार बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचं वाचन) महाग, पण 2002 पासून वर्णन झालेल्या डर्मॅटिससारख्या प्रजातींना चाचण्यांचा तक्ता अपुरा पडतो, तिथे तेच कामी येतं. माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून प्रजाती ओळखणारं यंत्र) झटपट उत्तर देतं, मात्र त्याच्या लायब्ररीत या प्रजाती आहेत का हे आधी विचारा.

विषय शिब्यांचा असेल, तर मी सगळ्या वसाहतींवर चाचण्या करून संशयित तेवढ्याच सिक्वेन्सिंगला पाठवेन. कोंड्याचा असेल तर नमुन्यातून थेट डीएनए काढा. टाळूवर रिस्ट्रिक्टा भरपूर असते, पण ती इतकी सावकाश वाढते की प्लेटवर बाकीच्या पुढे जातात आणि तिची मोजदाद कमीच होते.