मुलाला कोणता कॅमेरा घ्यावा? आधी तो किती जवळ जातो ते बघा

आईबाबांच्या मोबाइलची मेमरी मुंग्या, ढग आणि चपलांच्या फोटोंनी भरवणारं मूल घरात असलं, की वाढदिवस जवळ आल्यावर प्रश्न निघतोच: याला आता स्वतःचा कॅमेरा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. काका-मामा म्हणतात, एकदाच काय तो चांगला घेऊन टाका. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी मी मात्र पहिल्यांदा एकच गोष्ट बघते: हा कॅमेरा वस्तूच्या किती जवळ जाऊन फोकस करतो?

मुलं फोटो कशाचे काढतात ते आठवा. मुंगळा, जास्वंदीचं पिवळं परागटोक, मांजराचं नाक, आजीच्या बोटातली अंगठी. आपण सगळ्यांना फ्रेममध्ये बसवायला दोन पावलं मागे सरतो, मूल दोन पावलं पुढे जातं. त्या अंतरावर कॅमेऱ्याने साथ दिली नाही तर फोटो धूसर येतो, तो का आला हे त्याला समजत नाही आणि उत्साह तिथेच ओसरतो.

दीड-तीन हजारांत मिळणारे रंगीबेरंगी खेळण्यातले कॅमेरे याच परीक्षेत नापास होतात. त्यांची लेन्स एकाच अंतरावर पक्की बसवलेली असते. हातभर लांबचं ठीक दिसतं, त्याहून जवळ गेलं की सगळं पुसट. खोक्यावर चाळीस मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, इवलासा असतो आणि आकडा बहुतेक वेळा चित्र ताणून गाठलेला असतो. शिवाय आत गेम भरलेले असतात, आणि चार दिवसांनी मूल त्या गेमांतच रमतं. चार-पाच वर्षांच्या, सारखं हातातून पाडणाऱ्या बाळाला द्यायला हरकत नाही. फोटोची खरी ओढ दिसू लागलेल्या मुलाला देऊ नका.

इन्स्टॅक्स मिनी ही दुसरी लोकप्रिय निवड, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. बटण दाबलं की कागद बाहेर येतो आणि दीडेक मिनिटात त्यावर चेहरा उमटू लागतो. ते बघताना मूल श्वास रोखून उभं असतं. फोटो ही हातात धरायची, वहीत चिकटवायची, मैत्रिणीला द्यायची वस्तू आहे, हे मोबाइलवर वाढलेल्या पिढीला इथे कळतं. फिल्मचं पाकीट दहा फोटोंचं आणि एकेक फोटो साधारण पन्नास-साठ रुपयांना पडतो, त्यामुळे बटण दाबण्याआधी मूल विचार करतं. पण शिकण्याच्या काळात हीच अडचण होते. फोटो बिघडवायची मोकळीक नसेल तर मूल प्रयोग करत नाही, ‘सगळे नीट उभे राहा’ छापाचे सुरक्षित फोटो काढू लागतं. जवळ जाण्याचं म्हणाल तर मिनी ११ आणि मिनी १२ या मॉडेलांत क्लोज-अपची सोय करूनही तीस सेंटीमीटरच्या आत जाता येत नाही. फ्लॅश बंद करता येत नाही आणि त्याचा उजेड दोन-पावणेतीन मीटरपर्यंतच पोचतो. रात्रीच्या मिरवणुकीत लांबून काढलेला गणपती काळोखात बुडतो. शिवाय फिल्मला उष्णता सोसत नाही, म्हणून मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवून जाऊ नका. वाढदिवसाची भेट म्हणून इन्स्टॅक्स छान आहे. एकुलता एक कॅमेरा म्हणून मी तो सुचवणार नाही.

घरातला जुना मोबाइल सिम काढून देणं सगळ्यांत स्वस्त, आणि तो जवळही बऱ्यापैकी जातो. मात्र उजेड, रंग, चेहरा सगळं फोनच सावरून घेतो, त्यामुळे खिडकीपाशी आणि ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोंत फरक का पडतो हे मुलाच्या लक्षातच येत नाही. शिवाय तो फोन असतो. त्यात व्हिडिओ लागतात, आणि मग वाद होतात.

माझी पहिली पसंती जुन्या डिजिटल कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला. कॅननचे पॉवरशॉट आणि इक्सस, निकॉनचे कूलपिक्स, सोनीचे सायबरशॉट. कधीकाळी लग्नकार्यात प्रत्येक मावशीच्या पर्समध्ये असायचे तेच. यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर छोट्या फुलाचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबलं की कॅमेरा पाच सेंटीमीटरवर, काही मॉडेलांत तर एक सेंटीमीटरवर फोकस करतो. मुंगळ्याच्या मिशा दिसतात! सेन्सर लहान असल्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्ट येतं, त्यामुळे हात थोडा पुढेमागे झाला तरी फोटो वाया जात नाही. शटरचं बटण अर्धं दाबून फोकस धरायचा आणि मग पूर्ण दाबायचं, ही सवय इथेच बोटात बसते आणि पुढे कुठल्याही मोठ्या कॅमेऱ्यावर कामी येते. कार्डात शेकडो फोटो मावतात, तेव्हा एकाच पानाचे चाळीस काढले तरी कोणी ओरडत नाही.

कमतरता सांगायलाच हवी. घरात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली धावणाऱ्या भावंडाचा फोटो हलतोच. मागचं धूसर करून चेहरा उठून दिसेल असा फोटो यात जवळपास येत नाही. आणि असे जुने कॅमेरे अलीकडे कॉलेजच्या मुलामुलींत पुन्हा फॅशनमध्ये आल्याने भाव चढले आहेत. आधी नातेवाइकांची कपाटं धुंडाळा, मगच बाजारात जा. पाण्यात खेळणारं, आपटणारं मूल असेल तर निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू१०० किंवा डब्ल्यू१५० जुन्यात मिळतो का बघा. हे खास मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले, दहा मीटर पाण्यात आणि १.८ मीटरवरून पडण्यात टिकतील असे बनवलेले होते. त्यांच्या फोटोंचा दर्जा बेताचाच आहे.

मग डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, कधी? वयावर ठरवू नका, तक्रारीवर ठरवा. ‘मला मोठा कॅमेरा पाहिजे’ ही तक्रार नव्हे. ‘दादा पळतो तेव्हा फोटो हलतो’, ‘मागची भिंत नको दिसायला’, ‘दिव्याच्या उजेडात फ्लॅशशिवाय काढायचंय’ असं मूल बोलू लागलं, की त्याची नजर कॅमेऱ्याच्या पुढे गेली असं समजा. साध्या डीएसएलआरचा सेन्सर कॉम्पॅक्टच्या तेराएक पट मोठा असतो. त्या तक्रारींचं उत्तर तिथे आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लेन्समध्ये आहे.

लेन्सवरचा ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स झूम पुढे नेल्यावर एफ/५.६ला अडकते. एफ/१.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. निकॉन घेत असाल तर इथे एक मेख आहे. डी३५००, डी५००० यांसारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी ‘डी’ प्रकारची ५० मिमी स्वस्तात मिळाली तरी तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेली, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, ३५ मिमी बघा. कॅननच्या १५००डीसारख्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ सहज चालते, पण लहान खोलीत ती फार अरुंद पडते. मुलांसाठी मला त्यांची २४ मिमी एफ/२.८ जास्त आवडते: बिस्किटासारखी चपटी, वजन फक्त १२५ ग्रॅम, आणि सोळा सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. १५००डीची बॉडीच अर्ध्या किलोच्या खाली, ४७५ ग्रॅमची, तेव्हा नऊ वर्षांच्या मनगटाला ही जोडी पेलते.

नवाकोरा डीएसएलआर घेण्याची गरज नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २०२१ साली बालगटातला सर्वोच्च मान बंगळुरूच्या दहा वर्षांच्या मुलाला मिळाला. भिंतीच्या भेगेतला कोळी आणि त्याचं जाळं, मागे रिक्षाच्या रंगांची झाक. तो फोटो निकॉन डी५०००वर काढलेला होता, म्हणजे २००९ साली बाजारात आलेल्या, बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर. आणि विषय, पुन्हा बघा, हाताच्या अंतरावरचा.

एका मुलासाठी मात्र हा सगळा हिशेब बदलतो: ज्याला पक्ष्यांनी झपाटलंय. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपायला कॉम्पॅक्ट अपुरा आणि डीएसएलआरची लांब लेन्स खर्चिक व जड. तिथे ब्रिज प्रकारचा, म्हणजे मोठ्या झूमची लेन्स कायमची जोडलेला, कॅमेरा सरळ घ्या. कॅननचा एसएक्स७० ६५ पट झूमचा आणि साधारण सहाशे ग्रॅमचा आहे. निकॉनच्या पी९००चा झूम ८३ पट, पण तो मुलाच्या गळ्यात जड होतो. कमी उजेडात दोन्हींची दमछाक होते, म्हणून सकाळच्या उन्हात जा.

जुना कॅमेरा घेताना, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या विश्वासातल्या दुकानात, लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यांनी खाल्लेल्या लेन्स खूप विकायला येतात. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मेमरी कार्ड कुठलं लागतं ते आधीच विचारा. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या जुन्या काही मॉडेलांना एक्सडी कार्ड लागतं आणि ते बनणं बंद झालंय. फार जुने कॅमेरे दोन जीबीच्या वरचं कार्ड वाचत नाहीत. डीएसएलआर असेल तर शटर, म्हणजे दर फोटोला उघडमिट होणारा आतला पडदा, किती वेळा पडलंय ते तपासून घ्या, साध्या मॉडेलांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. आणि सौदा ठरण्याआधी काउंटरवरच मुलाला पाच-दहा फोटो काढू द्या. दोन्ही हातांनी धरल्यावर बोट शटरच्या बटणापर्यंत आरामात पोचत नसेल, तर दुसरा कॅमेरा दाखवायला सांगा.