हेडस्केलचे प्रवेश-नियम: फाइलमध्ये ठेवावेत की डेटाबेसमध्ये?

शाहूपुरीतले कार्यालय, शिरोली एमआयडीसीतला कारखाना आणि बाहेरगावचे लेखापरीक्षक यांना स्वतःच्या सर्व्हरवरील हेडस्केलने (दूरदूरचे संगणक एका खासगी जाळ्यात आणणाऱ्या टेलस्केलच्या नियंत्रण-सर्व्हरचा मुक्तस्रोत पर्याय) जोडले, की कोणी कुठवर पोहोचावे याचे नियम लिहावेच लागतात. ते नसतील तर सर्वांना सर्व खुले असते. हे नियम फाइलमध्ये ठेवता येतात किंवा, २०२४ मधील ०.२३ या आवृत्तीपासून, डेटाबेसमध्येही. नियमांची भाषा दोन्हीकडे एकच आहे.

फाइलची बाजू लंगडी नाही. ती गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवली की लेखापरीक्षकांना टॅलीच्या संगणकाचा फक्त ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट कोणी आणि का दिला, हे वर्षभरानंतरही सापडते. माझे मन या पद्धतीवरून उडाले ते एकाच कारणाने. फाइल जतन केल्याने नियम लागू होत नाही. सेवेला रीलोडचा, म्हणजे फाइल पुन्हा वाचण्याचा, इशारा द्यावा लागतो, आणि सिस्टिमसीटीएल ही लिनक्सवरील सेवा हाताळणारी आज्ञा तो इशारा पोहोचवून मुकाट्याने परत येते. एखादा कंस सुटला असेल किंवा न नेमलेल्या गटाचे नाव आले असेल, तर तक्रार लॉगमध्ये जाते आणि जुनेच नियम चालू राहतात. म्हणजे काम सोडून गेलेल्या कंत्राटदाराची परवानगी आपण काढली असे समजावे, आणि त्याला कॅमेरे दिसतच राहावेत! त्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर त्याच चुकीच्या फाइलमुळे हेडस्केल उभेच राहत नाही. आधीच्या जोडण्या बहुधा चालू राहत असल्याने तेही लगेच कळत नाही.

डेटाबेसच्या पद्धतीत ‘पॉलिसी सेट’ ही आज्ञा नियम तपासूनच स्वीकारते आणि चूक असल्यास तिथल्या तिथे नकार देते. मला हे अधिक भावले. शिवाय एसक्यूलाइट या हेडस्केलच्या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये नियमही आपोआप येतात. बदलामागचे कारण मात्र तिथे नोंदले जात नाही, म्हणून मूळ मजकूर मी गिटमध्येच ठेवतो आणि तिथून डेटाबेसमध्ये चढवतो. दोन प्रतींत फरक पडला आहे का, हे ‘पॉलिसी गेट’ने पाहता येते. ज्यांचा सर्व्हर पूर्णपणे अॅन्सिबलने (लिहून ठेवलेल्या सूचनांवरून सर्व्हर आपोआप मांडणारे साधन) उभा राहतो आणि जे रीलोडनंतर लॉग न चुकता वाचतात, त्यांना कदाचित फाइलच सोयीची वाटेल.

फाइलवरून डेटाबेसच्या मोडवर जाताना एक पथ्य पाळावे: नव्या मोडमध्ये सेवा सुरू झाली की डेटाबेस नियमांपुरता रिकामा, म्हणजे सर्वांना सर्व खुले असते, त्यामुळे ‘पॉलिसी सेट’ची आज्ञा आधीच लिहून तयार ठेवावी आणि लगेच द्यावी.