अलास्काच्या जहाजावरची केबिन: नौपाड्यात केलेले बुकिंग आणि प्रत्यक्ष अनुभव

लोकलमध्ये मिळालेली खिडकी वाऱ्याच्या बाजूची आहे की नाही, हे ठाणेकराला सांगावे लागत नाही. घर घेताना येऊरच्या डोंगराकडचा फ्लॅट आणि समोरच्या टॉवरच्या स्वयंपाकघरात डोकावणारा फ्लॅट यांतला फरकही तो नकाशावरून ओळखतो. तोच माणूस अलास्काच्या क्रूझवर काही लाख रुपये घालताना मात्र एजंटने पुढे सरकवलेल्या कागदावरचे ‘सी व्ह्यू’ हे दोन शब्द वाचून सही करायला तयार होतो. मीही जवळजवळ तयार झालो होतो. गेल्या जूनमध्ये मी, पत्नी आणि बहात्तर वर्षांची आई अशा तिघांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारी सात रात्रींची फेरी केली. वाटेत केचिकन, जुनो आणि स्कॅग्वे ही बंदरे होती आणि एक अख्खा दिवस ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानासाठी राखलेला होता. हा अभिप्राय त्या जहाजावरच्या केबिनींविषयी आहे आणि त्या मिळवून देणाऱ्या नौपाड्यातील एका एजन्सीविषयीही. एजन्सीचे नाव घेत नाही; तिच्याकडून झालेली चूक कोणाकडूनही होण्यासारखी आहे.

पहिल्या भेटीत तिथल्या तरुणाने अगदी आपुलकीने सांगितले, “काका, केबिनमध्ये नुसतं झोपायला तर जायचं असतं.” उन्हाळी समुद्रावरच्या, तीन रात्रींच्या सहलीला हे लागू पडत असेल, कारण तिथे दिवसभर माणूस डेकवरच असतो. अलास्कात जूनमध्येही दुपारचे तापमान साधारण बारा ते अठरा अंश सेल्सियस असते आणि केचिकन तर पावसासाठीच ओळखले जाते. चालत्या जहाजावर ओला वारा अंगावर घेत उभे राहायचे म्हटले, की मफलर बांधूनही अर्ध्या तासात कान दुखू लागतात. शिवाय इथे देखावा ठरावीक ठिकाणी नसतो; डोंगर, धबधबे आणि तरंगणारे बर्फाचे तुकडे तासन्‌तास जहाजाच्या दोन्ही अंगांनी सरकत राहतात. त्यामुळे कोणी कुठे उभे राहून ते पाहायचे, हा प्रश्न केबिन घेतानाच सोडवावा लागतो.

एजन्सीने तिघांसाठी एकच ‘सी व्ह्यू’ केबिन सुचवली होती. तिसरा पलंग छताकडून खाली उघडणारा होता आणि त्यावर शिडीने चढायचे होते. एकाच केबिनमधल्या तिसऱ्या प्रवाशाचे भाडे पुष्कळ कमी असते, म्हणून हा पर्याय कागदावर आकर्षक दिसतो. मी केबिनचा क्रमांक मागून घेतला आणि घरी येऊन क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावरचा त्या जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडला. खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली होती. समुद्राकडे तोंड असूनही दृश्य अडलेले असते अशा केबिनींचा वर्ग वेगळा असतो आणि त्यांचे भाडेही कमी असते. कोटेशनमध्ये मात्र दोन्ही वर्गांना एकाच नावाखाली घातले होते. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर त्या तरुणाने, आपण प्लॅन उघडून पाहिलाच नव्हता, हे प्रामाणिकपणे कबूल केले आणि एकही जादा रुपया न घेता संध्याकाळपर्यंत बदल करून दिला. ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त प्रकारही त्याने पुढे केला होता, ज्यात आपण फक्त वर्ग निवडतो आणि नेमकी केबिन कंपनी तिच्या सोयीने देते. एकट्या, गाढ झोपणाऱ्या माणसाने तो जरूर घ्यावा; वयस्कर आईसाठी मी तो नाकारला.

शेवटी आम्ही दोन केबिनी घेतल्या. आई आणि पत्नी यांच्यासाठी बाल्कनी, आणि त्याच मार्गिकेत अगदी समोर, माझ्यासाठी खिडकी नसलेली आतली केबिन. क्रूझचे भाडे दोघांच्या हिशेबाने लावतात, त्यामुळे एकट्याला रिकाम्या पलंगाचेही पैसे बहुधा मोजावे लागतात. तो भुर्दंड सोसायचाच असेल, तर सर्वांत स्वस्त वर्गात सोसावा, असे माझे गणित होते.

बाल्कनीविषयी आधी स्पष्ट सांगतो. जाहिरातीत दिसते तसे तिथे बसून निवांत जेवणे वगैरे काही झाले नाही. दोन खुर्च्या आणि एक तिपाई ठेवली, की पाय पसरायलाही जागा उरत नाही. कठडा हात लावताच बर्फासारखा गार लागतो. आणि बाल्कनीचे दार उघडे असताना कोणी मार्गिकेकडचे दार उघडले, तर वारा शीळ घालत आत घुसतो आणि दार धाडकन आपटते. पहिल्याच सकाळी आईच्या औषधांची पाकिटे त्या वाऱ्याने पलंगाखाली गेली आणि ती शोधण्यात आमची न्याहारी थंड झाली. पहिले दोन दिवस मिळून बाल्कनीचा वापर तासभरही झाला नसेल, आणि आतल्या केबिनच्या जवळपास दुप्पट भाडे भरल्याची टोचणी मला लागली होती.

ग्लेशियर बेच्या दिवशी ती टोचणी गेली. या उपसागरात दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि उद्यानाचे रेंजर सकाळी लहान बोटीने येऊन जहाजावर चढतात. त्यांचे निवेदन केबिनमधल्या टीव्हीवरही ऐकू येत होते, त्यामुळे आईने ते दार अर्धवट उघडे ठेवून, पलंगाच्या कडेवर बसून ऐकले. 1794 साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेला हा उपसागर जवळजवळ मुखापर्यंत बर्फाने भरलेला दिसला होता आणि 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा तोच बर्फ कित्येक किलोमीटर मागे हटलेला होता, हे ऐकून ती मला म्हणाली, “म्हणजे आपण आत्ता बर्फाच्या जागेवरूनच चाललोय रे.” दुपारच्या सुमारास जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबले. तिची भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर पाऊणशे मीटर उंच आहे. घोडबंदर रोडवरचे पंचवीस मजली टॉवर एकाला एक चिकटवून उभे केले, तर अंदाज येईल. आई शाल आणि माकडटोपी घालून दहा मिनिटे बाहेर उभी राही, पाच मिनिटे आत येऊन थर्मासमधला चहा पिई, आणि पुन्हा बाहेर जाई. वरच्या डेकवर कठड्याशी तीन-तीन रांगा लागलेल्या असताना तिला एकदाही धक्का लागला नाही. भिंतीचा एक तुकडा आधी नि:शब्दपणे सुटताना दिसला आणि पाण्यात पडल्यावर मग तोफेसारखा आवाज आला. तो आवाज येईपर्यंतचा क्षण तिला फार आवडला. ती अजूनही हाताने तो दाखवते.

मी स्वतः त्या वेळी पुढच्या उघड्या डेकवर होतो आणि खरे सांगायचे तर तिथून दिसते तसे बाल्कनीतून दिसत नाही, कारण बाल्कनीला एकच बाजू असते. थंडी सोसू शकणाऱ्या धडधाकट माणसाला म्हणूनच मी आतली केबिन सुचवेन. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि चारच्या सुमारास पुन्हा उजाडते; माझ्या केबिनमध्ये दिवा मालवला, की मिट्ट काळोख होई आणि झोप छान लागे. बाल्कनीचे पडदे जाड होते, तरी मधल्या फटीतून उजेड यायचाच. आतल्या केबिनची खरी अडचण ओल्या कपड्यांची आहे. भिंती पोलादी असल्याने मी ठाण्याहून नेलेले चुंबकाचे आकडे तिथे चिकटले, आणि जॅकेट वाळत घालायची सोय झाली.

बाजू डावी की उजवी, यावर लोक फार वाद घालतात. जाऊन-येऊन फेरीत तो निरर्थक आहे, कारण जाताना एका बाजूला असलेला किनारा येताना दुसऱ्या बाजूला येतो. शिवाय हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतात. व्हँकुव्हरहून उत्तरेला व्हिटियर किंवा सीवर्ड या अलास्कातल्या बंदरांपर्यंत एकमार्गी जाणाऱ्यांनी मात्र उजवी बाजू मागून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितकी खालच्या मजल्यावर असणे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कोकणात गेलेल्या माणसाला याचे कारण समजावण्याची गरज नाही. मार्ग बहुतांशी बेटांच्या आडोशाने जातो, पण व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेला काही तास खुला समुद्र लागतो, आणि तिथे आमच्या ओळखीचे झालेले एक दांपत्य, ज्यांची केबिन नाकाकडच्या टोकाला होती, रात्रभर ॲव्होमिनच्या गोळ्या घेत जागे राहिले. आमच्याकडे फक्त कपाटातले हँगर एकमेकांवर वाजले. डोक्यावरच्या आणि पायाखालच्या मजल्यावर काय आहे, हेही प्लॅनमध्ये पाहावे. वर उपाहारगृह असले, तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज नक्की ऐकू येतो. आमच्या वर आणि खाली केबिनीच होत्या, आणि ही निवड मी स्वतः केली होती. एजन्सीने याविषयी काहीही विचारले नव्हते.

व्हिसाच्या कामात मात्र या एजन्सीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. अमेरिकेचा व्हिसा तर लागतोच, पण जहाज कॅनडातून निघून पुन्हा कॅनडात येते, म्हणून तिथला व्हिसाही हवा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले आणि आईचे अर्ज स्वतः बसून भरले. पुढच्या खेपेला नॉर्वेचा विचार आहे आणि बुकिंग त्यांच्याकडेच करीन; केबिनींचे क्रमांक मात्र घरून लिहून नेईन.