नवं पळणं आणि चार दिवसांची सुट्टी: पुळण की माथेरान?

पाच-सहा आठवड्यांपूर्वी पळायला लागलेल्याचा दम चार दिवसांच्या खंडाने जात नाही. तो घटल्याचं जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात. मोडते ती सकाळची वेळ, आणि ती एकदा मोडली की पुन्हा बसवणं अवघड. म्हणून सुट्टीत अंतर मोजू नका. दिवसाआड वीस मिनिटं पुरेत.

दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडसारखी लांब, सपाट पुळण दिसली की पळावंसं वाटतंच. पण तिथली वेळ समुद्र ठरवतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत रस्त्याच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते. पळण्याजोगी असते ती ओहोटीने मागे सोडलेली ओली, घट्ट पट्टी. ती कधी मिळेल याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पाणी वर आणि ओहोटी थेट भर दुपारी. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारकडे आणि पहाटे पाच-सहाला पट्टी ऐसपैस. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. खोली बुक करण्याआधी कालनिर्णय उघडणारे थोडेच, पण पळणाऱ्याने उघडावं.

किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. जितकं जाल तितकंच त्याच पट्टीने परत या, म्हणजे ताण दोन्ही पायांवर वाटला जातो. अनवाणी पळायचा मोह आवरा. पाच मिनिटं ठीक. वाळूत टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते आणि दुसऱ्या सकाळी पहिली पावलं लंगडत पडतात. बूट खाऱ्या पाण्याने भिजले तर गोड्या पाण्यात खंगाळा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. उन्हात सोलचा गोंद सुटतो.

माथेरानला भरती-ओहोटीच्या वेळेचं बंधन नाही आणि दस्तुरीच्या वाहनतळापुढे खासगी गाड्या नाहीत, म्हणून मागून येणाऱ्या हॉर्नची धास्तीही फारशी नाही. उंची जेमतेम 800 मीटर, त्याने दम लागत नाही. दम लागतो तो चढाने. चढावर चाला. दोन वाक्यं सलग बोलता येतील इतकाच वेग ठेवा. घात उतारावर होतो: लांब टांगा टाकल्या तर मांड्या ब्रेकचं काम करतात आणि दोन दिवस पायऱ्या उतरवत नाहीत. पावलं आखूड टाका. लाल मातीत जांभ्याचे दगड आणि झाडांची मुळं असतात, तेव्हा उजाडल्याशिवाय निघू नका. घोड्यांची ये-जा वाढण्याआधी परत या. पावसाळ्यात शेवाळ्यामुळे पाय सटकतो. तेव्हा नुसतं भरभर चालणं बरं.

पोटरी किंवा टाच आधीच कुरकुरत असेल, तर माथेरान. गुडघा उतारावर दुखत असेल, तर पुळण, तीही तिथी जुळली तरच. दोन्ही ठणठणीत असतील तर आमचं मत माथेरानच्या बाजूने पडतं, कारण तिथे रोजची सकाळची वेळ तशीच ठेवता येते. मासे मात्र तिथे कर्द्यासारखे मिळायचे नाहीत.