डबीवर नाव नव्हतं

बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवली, मग नखाने खरवडली, तेव्हा कुठे ते गुलाबी स्टिकर सुटलं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'लॅश ग्रोथ सीरम' छापलं होतं. खालून निघालं 'बिमाटोप्रोस्ट ०.०३ टक्के', डोळ्यांत घालायचे थेंब. छापील किंमत पाचशेच्या आत. मी मोजले होते दोन हजार आठशे.

पण हे सगळ्यात शेवटी कळलं. सुरुवात वांगापासून झाली.

धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून माझ्या गालांवर वांग आहे, म्हणजे काळपट डाग. वीसेक वर्षं मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. थोरलीचा साखरपुडा ठरला आणि आरसा जास्त वेळा दिसायला लागला. डोंबिवलीत घराजवळच एक 'स्किन अँड लॅश स्टुडिओ' आहे. पांढरा कोट घातलेली बाई, खिशावर नाव, नावाआधी 'डॉ.', भिंतीवर फ्रेममधली सर्टिफिकेटं. मी त्यातलं एकही वाचलं नाही. बँकेत लोकांच्या सह्या ताडून बघण्यात सत्तावीस वर्षं घालवलेली मी!

अठरा हजारांचं पॅकेज. तीन पील (कातडीचा वरचा थर काढणारे लेप), रात्रीची क्रीम आणि पापण्यांचं एक्स्टेन्शन 'फ्री'. क्रीमची डबी पांढरी, झाकणावर मार्करने नुसता 'एन'. कंपनी कुठली विचारलं, तर म्हणाली, "मॅम, ही आम्ही इथेच बनवतो, खास तुमच्या स्किनसाठी." बिल मागितलं तर "व्हॉट्सॲप करते." ते आजतागायत आलेलं नाही. पैसे गेले कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर.

आठ दिवसांत चेहरा उजळला, अगदी नजरेत भरण्याइतका. शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "काय लावतेस गं?" मी त्यांना पत्ता दिला. हे लिहिताना अजूनही हात अडखळतो.

पापण्यांचा प्रकार वेगळाच. दोन तास डोळे मिटून पडून राहायचं आणि एकेका केसाला खोटा केस चिकटवून घ्यायचा. त्या गोंदाच्या वाफेने मिटलेल्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, खाज सुटली. "नॉर्मल आहे मॅम." महिन्याभरात खोटे केस गळले आणि जाताना माझेही घेऊन गेले. त्यावर उपाय म्हणून ते सीरम.

मग मी चार दिवस माहेरी चिपळूणला गेले आणि डबी घरीच विसरले. तिसऱ्या दिवशी मिरची चोळावी तसा चेहरा पेटला. लालबुंद, हनुवटीवर पिवळ्या तोंडाचे फोड. परत येऊन क्रीम लावली, सकाळपर्यंत सगळं शांत. मला वाटलं, बघा, किती गुणकारी आहे! दारू सुटलेल्या माणसाला एक पेग दिल्यावर त्याचे हात थरथरायचे थांबतात, तसं ते होतं, हे नंतर उमगलं.

तीन महिन्यांनी क्रीम लावूनही आग थांबेना, तेव्हा मुलगी मला ओढत त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चेहरा खिडकीकडे वळवून भिंगातून पाहिला. जबड्यावर बारीक लव आली होती, गालावर दोऱ्यासारख्या लाल शिरा. "डबीत काय आहे ते नुसतं बघून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हा चेहरा स्टिरॉइडचा आहे."

त्यांनी समजावलं ते असं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी स्टिरॉइडची मलमं दाह दाबतात, रक्तवाहिन्या आकसवतात, रंगही फिका करतात, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते. पुढे कातडी पातळ होते आणि मलम थांबवलं की उसळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टिरॉइडांच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती बिननावाच्या डब्यांत भरून दिली जातात. वांगावर सौम्य स्टिरॉइड असलेली तीन औषधांची ट्यूब त्वचेचे डॉक्टरही देतात, पण काही आठवड्यांपुरती, नाव सांगून आणि लक्ष ठेवून. शिवाय सनस्क्रीन नसेल तर वांग परत येतंच.

लघवीची तपासणीही त्यांनी लिहून दिली. मी चक्रावले. गोरेपणाच्या क्रीममध्ये पाराही सापडतो आणि तो मूत्रपिंडावर उठतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना असाच त्रास झाला होता, क्रीममधला पारा मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर कळला. माझा रिपोर्ट सुदैवाने चांगला आला.

दुसऱ्या भेटीला सगळ्या बाटल्या आणायला सांगितलं होतं, म्हणून तो स्टिकरचा उद्योग. बिमाटोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध. त्याने पापण्यांचे केस खरंच वाढतात, अमेरिकेत २००८ पासून त्यासाठी परवानगीही आहे. पण पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल जाऊ शकतात, बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो. थेंब थांबवले की केस पुन्हा होते तसे. आणि गंमत बघा, डोळ्यांजवळ स्टिरॉइड सतत लावल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही मला एकाच दुकानाने विकलं. नेत्रतज्ज्ञांनी दाब मोजला, सतरा आणि अठरा. एकवीसपर्यंत ठीक.

त्या 'डॉ.'चं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधलं, नाही सापडलं. दोन मिनिटांचं काम होतं, अठरा हजारांच्या आधी करायचं. त्वचेच्या डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगातली एमडी किंवा डीडीव्हीएलसारखी पदवी असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावतं. डबी आणि बाटली फेकू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट ठेवा. मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली आहे. स्टुडिओने पैसे परत करायच्या ऐवजी हायड्राफेशियलचं कूपन देऊ केलं.

काकूंकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा तेव्हा ऐन उजळलेला होता. "तुला नाही मानवलं गं, मला मानवतंय," म्हणाल्या. चेहरा पेटलेला असतानाचा माझा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला. डबी अजून त्यांच्या ड्रेसिंग टेबलावर आहे.