फ्री डिश नऊ महिने वापरल्यावर: रिचार्ज सुटला, पण आईंच्या सिरियल गेल्या

मागच्या मे महिन्यात आम्ही दर महिन्याच्या रिचार्जवाली डिश बंद केली आणि डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनवाल्यांची बिनरिचार्जची डिश, लावली. आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे उन्हाळा पावसाळा थंडी सगळं बघून झालं, म्हणून लिहितेय. लावायच्या आधी मला जे हवं होतं ते कुणी नीट सांगितलंच नाही, दुकानदार म्हणतो ताई सगळं दिसतं, शेजारचे म्हणतात त्यात काय दिसतं, भोजपुरी आणि जुने पिक्चर, बाकी काही नाही.

आमचं घर नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, रो हाऊस आहे त्यामुळे गच्ची आमचीच. टीव्ही खरा बघतात ते सासरे म्हणजे नाना आणि सासूबाई म्हणजे आई. नाना प्रेसमधून रिटायर झालेत, आईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्या संध्याकाळी बाहेर फारशा पडत नाहीत. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी, मी सकाळी दहाला जाते ती साडेसहा सातला येते. डिश बदलायचं कारण पैसे नव्हतेच खरं तर. कारण हे की रिचार्ज संपला की स्क्रीनवर नुसती पाटी यायची आणि नानांना मोबाईलवरून पैसे भरता येत नाहीत, मग मी येईपर्यंत ते दोघं बंद टीव्हीसमोर बसलेले असायचे. मला फोनही करायचे नाहीत, कामात आहे म्हणून. एकदा मी आले तर नाना म्हणाले, "असू दे गं, तू आधी चहा घे, मग बघ." ते मला फार लागलं. त्याच आठवड्यात ठरवलं की असलं काहीतरी घ्यायचं जे कुणी महिनाअखेरीला बंद करू शकणार नाही.

खर्च सांगते म्हणजे अंदाज येईल. एमजी रोडवरून बॉक्स घेतला १२५० रुपयांना, एमपेग-४ वाला म्हणजे नव्या पद्धतीचा सिग्नल वाचणारा, नवीन एलएनबी (छत्रीच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) २२०, वीस मीटर आरजी-६ वायर ३६०, कनेक्टर वगैरे किरकोळ ६०, एकूण १८९०. छत्री जुनीच वापरली, पत्र्याची छत्री कुठल्याही कंपनीची असली तरी काम तेच करते, फक्त तोंड फिरवावं लागतं. बॉक्स घेताना एक गोष्ट नक्की बघा, स्वस्तातला एमपेग-२ बॉक्स घेऊ नका, काही चॅनेल फक्त एमपेग-४ मध्येच येतात, ते त्याच्यावर लागणारच नाहीत. आणि तुमचा टीव्ही नवीन असेल तर आधी मागे बघा, काही टीव्हींना सॅटेलाइटची पिन आतच असते, मग बॉक्सचीही गरज नाही, वायर थेट टीव्हीत.

फिटिंगला एका दुकानाने माणूस पाठवला होता, तो म्हणाला फिटिंगचे पाचशे आणि वर्षाला बाराशे भरावे लागतील नाहीतर चॅनेल बंद होतील. हे साफ खोटं आहे. ही प्रसार भारतीची सेवा आहे, महिन्याला नाही वर्षाला नाही, काहीच भरायचं नसतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली तेव्हापासून फुकटच आहे. खासगी चॅनेलवाले लिलावात जागा विकत घेतात, पैसे त्यांच्याकडून येतात, आपल्याकडून नाही. मी त्याला परत पाठवला. पण म्हाताऱ्या माणसांकडून कितीजणांनी असे पैसे घेतले असतील कुणास ठाऊक, म्हणून हे मुद्दाम सांगतेय, कृपा करून आपल्या आईवडिलांना सांगून ठेवा.

मग रविवारी मीच गच्चीवर चढले. नाना खाली टीव्हीसमोर, स्क्रीनवरचा सिग्नलचा आकडा बघत, मी वर, मध्ये फोन चालू. उपग्रह जीसॅट-१५ आहे, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्वेला, आणि आपल्या नाशिकहून तो जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला पडतो, मोबाईलच्या होकायंत्रात १३३-१३४ अंश. उंची साधारण ५७ अंश, म्हणजे बऱ्यापैकी वर, त्यामुळे समोर दोन मजली घर असलं तरी सहसा आड येत नाही. छत्री बघून ती एवढं वर बघतेय असं वाटतच नाही, सिग्नल तिरका येऊन एलएनबीवर पडेल असाच तिचा आकार असतो, त्यामुळे नजरेने अंदाज लावू नका, फसाल. मला पाऊण तास काहीच मिळेना. छत्री बोटभर फिरवायची, थांबायचं, नाना सांगणार "शून्य". शेवटी कळलं की मी एलएनबी सरळ उभा बसवलेला, तो आपल्याकडे चांगला तिरका फिरवावा लागतो, चाळीसेक अंश. तो हळूहळू पिळला तसे नाना आकडे मोजायला लागले, तीस, बेचाळीस, साठ, आणि ७६ ला म्हणाले "हात काढ आता, हलू नको". तिथेच नट आवळला. नऊ महिने झाले, अजून साधारण तिथेच आहे.

आता काय चांगलं. पहिलं म्हणजे क्रिकेट. भारताच्या बऱ्याच वनडे आणि टी-ट्वेंटी मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, २००७ चा कायदाच आहे की महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल खासगी चॅनेलने प्रसार भारतीला द्यायचा. आयपीएलसाठी मात्र हे घेऊ नका. मोबाईलवरच्या ॲपपेक्षा हे पुढे चालतं, शेजारचा मुलगा ॲपवर बघतो, आमच्याकडे विकेट पडून नानांचा आवाज भिंतीपलीकडे जातो तेव्हा त्याच्याकडे बॉलर अजून रनअपला असतो. आता तो मॅचला इकडेच येऊन बसतो आणि नानांना तेच पाहिजे असतं.

दुसरं सह्याद्री. रिचार्जच्या डिशवरही ते होतं पण शेकडो चॅनेलमध्ये कुठे तरी हरवलेलं, इकडे ते हाताशी आलं. नाना सातच्या बातम्या बघतात, आरडाओरडा नाही, एकावर एक सहा माणसं भांडत नाहीत, सरळ बातमी. माझे मामा पिंपळगाव बसवंतला, द्राक्षाचा बाग आहे, ते मुक्कामाला आले तर डीडी किसान लावून बसले आणि परत जाताना बॉक्स कुठून घेतला ते विचारून गेले. विविध भारती पण टीव्हीवरच लागतं, सकाळी स्वयंपाक करताना मी तेच लावते. शाळेचे इयत्तावार चॅनेल आहेत, पीएम ई-विद्याचे, आमची मुलगी मराठी मिडियमला आहे, तिला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आणि आता जे खरंच बोचतं ते. आईंच्या सिरियल गेल्या. मोठ्या मराठी चॅनेलवरच्या संध्याकाळच्या चालू मालिका यात नाहीत, ते चॅनेल पैशाचेच आहेत. आमच्याकडे आत्ता 'फक्त मराठी', 'शेमारू मराठीबाणा' या नावाचे चॅनेल लागतात, मराठी पिक्चर भरपूर, पण त्याच त्या पिक्चरची फेरी दोन आठवड्यात परत येते आणि जाहिराती इतक्या की तेवढ्यात भाजी निवडून होते. आईंना पिक्चर नको होते, त्यांना त्यांच्या माणसांचं पुढे काय झालं ते पाहिजे होतं. पहिला महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत, रोज साडेसातला उठून हळूहळू शेजारच्या काकूंकडे जायच्या, गुडघे दुखत असताना. मला वाटायचं गप्पांना जातात. जूनमध्ये काकूंनीच सांगितलं की अगं त्या सिरियलला येतात. म्हणजे मी नानांची सोय केली आणि आईंना विचारलंच नाही, हे माझं चुकलं आणि हे लिहायचं अर्धं कारण तेच आहे. घरात टीव्ही कोण कशासाठी बघतं ते प्रत्येकाला बसवून विचारा, मगच रिचार्ज बंद करा. आता माझा जुना मोबाईल त्यांना दिलाय, त्यात ॲप घेऊन दिलं, पण सहा इंची स्क्रीनवर चष्मा लावून बघणं आणि सोफ्यावर बसून बघणं यात फरक आहेच.

चॅनेल कधी जाईल याचाही भरवसा नसतो. जागा लिलावाने दिल्या जातात, मुदत संपली आणि चॅनेलने पुन्हा घेतली नाही की गेलं. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या चार गटांनी आपले फुकटचे हिंदी चॅनेल काढून घेतले होते, २०२० मध्ये आणले, २०२२ ला परत काढले, चार कोटींहून जास्त घरांत ही डिश आहे तरी बघणाऱ्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे दोनदा नंबर बदलले. नवीन चॅनेल आलं तरी आपोआप येत नाही, मेनूत जाऊन ऑटो स्कॅन मारावा लागतो आणि स्कॅन मारला की सगळे नंबर पुढेमागे. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे मी मोठ्या अक्षरात नंबर लिहून टीव्हीशेजारी चिकटवलेत, त्यावर खाडाखोड होऊन आता ते पान आईंना वाचता येत नाही.

पिक्चर क्वालिटी: बरेचसे चॅनेल साधे एसडी. आमचा टीव्ही ३२ इंची, त्यावर ठीक दिसतं. मोठ्या टीव्हीवर पुसट दिसणार.

पावसाचं मात्र नीट सांगायला पाहिजे. हा केयू बँडचा, म्हणजे फार आखूड लहरींचा सिग्नल आहे, जाड पावसात तो विरतो, ३६ हजार किलोमीटरवरून आलेला असतो आणि शेवटच्या दोन चार किलोमीटरच्या पावसात अडकतो. पैसे भरलेल्या डिशचंही हेच होतं, त्यामुळे फुकटची म्हणून वाईट असं नाही. रिमझिम पावसात काही होत नाही. पण जुलैमध्ये दोन दिवस कोसळत होता, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ते सगळं नाशिक एकमेकांना विचारत होतं, माझी नणंद पंचवटीत नदीजवळ राहते, आणि नेमकं तेव्हा पिक्चरच्या चौकटी चौकटी व्हायला लागल्या, आवाज तुटतोय, मग नो सिग्नल. ज्या बातमीसाठी टीव्ही पाहिजे तीच बातमी दिसेना. नानांनी कपाटातून ट्रान्झिस्टर काढला, आकाशवाणी नाशिक लावलं, आणि नणंदेचा फोन लागेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याभोवती. तेव्हापासून त्यात सेल घालूनच ठेवते. टीव्ही कुठलाही असो, पावसाळ्यात घरात रेडिओ ठेवा.

सप्टेंबरमध्ये पाऊस नसतानाही सिग्नल चाळीसवर आला. मला वाटलं छत्री हलली. वर जाऊन एलएनबीचा कनेक्टर काढला तर आत तांब्याच्या तारेवर हिरवी पांढरी पूड धरलेली, टोपीत पाणी गेलेलं. दोन इंच वायर कापली, नवीन कनेक्टर लावला, वरून काळी टेप आणि त्यावर प्लास्टिक पिशवी घट्ट बांधली, सिग्नल परत ७५. वीस रुपयांचं काम. मेकॅनिक बोलावला असता तर एलएनबी गेला म्हणाला असता. फिटिंगच्या वेळीच टेप लावा आणि वायरला कनेक्टरच्या आधी खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अजून एक झालं, स्वच्छ ऊन आणि सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं टीव्ही बंद, आपोआप चालू. तीन चार दिवस रोज तसंच. तो बिघाड नाही, त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या लहरींत सिग्नल बुडतो. वर्षातून दोनदा होतं, मार्चमध्ये पण होईल, तेव्हा कुणी नट ढिला करून छत्री हलवू नका. संक्रांतीला मात्र खरंच हलली, कुणाचा तरी मांजा एलएनबीच्या दांडीत अडकला आणि त्या पोरांनी ओढला. अर्धा तास पुन्हा नाना खाली, मी वर.

हिशोब केला तर आधी महिन्याला ३८० च्या आसपास जायचे. २०१९ नंतर नुसतं कनेक्शन म्हणून १३० आणि त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे, चॅनेलचे पैसे वेगळे, असंच बिल यायचं. नऊ महिन्यांचे ३४२० वाचले, त्यातून १८९० गेले, उरले १५३०. पण आईंच्या ॲपचे आणि वाढीव डेटाचे पैसे धरले तर पहिल्या वर्षी हातात फार काही उरत नाही, दुसऱ्या वर्षापासून उरेल. ज्यांच्या घरी चालू सिरियल कुणी बघत नाही त्यांचं मात्र सगळं वाचतं.

आम्ही ठेवणार आहोत. नानांचा टीव्ही नऊ महिन्यांत पैशापायी एकदाही बंद पडला नाही. एप्रिलला पुन्हा चॅनेल इकडेतिकडे होतील, तेव्हा नवीन कागदावर नंबर लिहायचेत, आईंना वाचता येतील एवढे मोठे. एलएनबीची पुढची टोपी उन्हाने तडकलीय, ती जूनच्या आधी बदलायची आहे. आणि आईंच्या मोबाईलवरचं मोठ्या टीव्हीवर दाखवायची एक काडी मिळते म्हणतात, ती या पगाराला बघते.